नानांचा निरोप: प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

धाकट्या शेठनी आज काम अंगावर टाकलं. नाना दिवाळीच्या पाडव्याला थांबणार. साठी झाली, गुडघे बोलायला लागलेत, घरचेही मागे लागलेत. "जरा नीट करू या," शेठ म्हणाले. नीट म्हणजे काय, विचारलं तर शाल, श्रीफळ, एक फ्रेम आणि वर पाकीट. बजेट सांगितलं नाही. म्हणजे आकडा मी काढायचा आणि तो त्यांनी कमी करायचा, नेहमीसारखं.

नाना १९८६ च्या पाडव्यापासून दुकानात आहेत. लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या गादीवर इतकी वर्षं काढलेला सेल्समन आता हुडकून सापडायचा नाही. मुलं दोन सीझन करतात आणि मॉलला जातात, नाहीतर डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतात. मी हिशेबाच्या खोलीत बसते, साड्यांशी माझा संबंध बिलापुरता. पण बिलावर सेल्समनचा नंबर असतो. लग्नसराईत वरच्या मजल्यावरच्या बिलांवर कुणाचा नंबर सारखा येतो, ते मला जेवढं माहीत आहे तेवढं शेठनाही नसेल.

समारंभाचं बघतेच. पण त्याआधी नानांचं देणं किती होतं ते काढायचं, आणि त्यांना जे येतं ते कुठेतरी उतरवून ठेवायचं. या दोन गोष्टी शेठनी सांगितलेल्या नाहीत, मीच यादीत घातल्यात.

२० ऑगस्ट

नानांना सरळ विचारलं, काय हवं?

"फ्रेम नको. घरात आधीच तीन विठ्ठल आहेत, त्यातले दोन याच दुकानाने दिलेत. घड्याळ नको. आणि भाषणं अजिबात नको, माणसं भाषणात फार खोटं बोलतात."

नमुनावहीचं सांगितलं. एकेका साडीचा तुकडा चिकटवायचा आणि खाली नाना काय सांगतात ते लिहायचं, नव्या पोरींना उपयोगी पडेल. त्यांनी तोंड वाकडं केलं. "मी काय मास्तर आहे?"

संध्याकाळी दुकान बंद करताना वर्तमानपत्रात बांधलेलं एक गाठोडं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. आत कातरणं. डॅमेज निघालेल्या साड्यांचे पदर, ब्लाउजपीसमधून उरलेले काठ, फॉल-पिकोवाल्या ताईंकडच्या चिंध्या. काहींना टाचणीने चिठ्ठ्या लावलेल्या, शाई उडालेली. म्हणजे मास्तरकी बरीच वर्षं चालू होती, वर्ग तेवढा मिळाला नव्हता.

२९ ऑगस्ट

पहिलं रेकॉर्डिंग, माझ्या फोनवर, जेवणाच्या सुट्टीत. साड्यांबद्दल बोलायला बसलो आणि नाना गावावर गेले. मी अडवलं नाही.

सातारा जिल्ह्यातलं गाव. मामा लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. शाळा संपली की मामाकडे जायचं आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं, हे घरात ठरलेलं. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. तो संप रीतसर कधी मिटला असं कुणी सांगत नाही, गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. मामा गावी परत आले आणि ओसरीवर बसून राहिले. "कापड विणायला निघालो होतो, विकायला लागलो," नाना म्हणाले. हे त्यांनी गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवलं असणार, इतकं सफाईने आलं. त्यापुढचं मात्र अडखळत. पुण्यात आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी साडीला हात लावलेला नाही. खालून वर माल चढवायचा, वरून खाली उतरवायचा, आणि रात्री मोडलेल्या घड्या घालायच्या. सेल्समन झाले ते घड्या घालूनच, असं त्यांचं म्हणणं. दिवसभरात कुठली साडी किती वेळा उघडली गेली आणि तरी विकली गेली नाही, हे घड्या घालणाऱ्या पोऱ्याला मालकाच्या आधी कळतं.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

दुकान अर्थातच बंद. रस्त्यावरून मिरवणूक. मीच हौसेने म्हटलं होतं की वरच्या खोलीत शांतपणे रेकॉर्डिंग करू. शांतपणे! फाइल ऐकली, नुसते ढोल. मध्ये एकदा नाना ओरडतात, "गुरुजी तालीम आला का?" पुसून टाकली नाही, राहू दे.

२४ सप्टेंबर

पितृपंधरवडा. दुकानात माशी नाही. साडी कुणी घेत नाही, बस्त्याचं तर नावच नको. माल लावून घेणं आणि हिशेब जुळवणं एवढीच कामं, त्यामुळे नाना सलग तीन दिवस हाताला लागले. वही अर्धी याच दिवसांत झाली.

इरकल. नानांनी तुकडा उलटा धरून दाखवला. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा, आणि दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडलेले. बोट फिरवलं की सांधा लागतो. पॉवरलूमच्या नकलेत तो सांधा नसतो, नुसता रंग बदलतो. "गिऱ्हाइकाला सांगू नका, त्याचं बोट धरून तिथे न्या."

पैठणी. हीसुद्धा उलटीच बघायची. हातमागाची असेल तर मोर मागूनही तसाच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कातरलेले असतील, तर ती साडी वाईट असं नाही, पण येवल्याच्या हातमागाचा भाव तिला लावायचा नाही. इथे नाना फार ठाम आहेत. सेमी पैठणी सेमी म्हणून विकायला त्यांना कमीपणा वाटत नाही. मुलीला चार हजारांत मोराचा पदर मिळतो, ती खूश होते, त्यात काय वावगं? खोटं बोलून विकलेली साडी मात्र पाच-सात वर्षांनी मुंजीच्या वेळी परत येते, तीही सगळ्या नातेवाइकांसमोर.

रेशीम. दोन-तीन धागे काढून जाळायचे. केसासारखा वास आला आणि राख बोटात चुरगळली तर रेशीम. गोळी होऊन टणक राहिली तर पॉलिएस्टर. हे गिऱ्हाइकासमोर करायचं नाही, माल घेताना व्यापाऱ्यासमोर करायचं.

रंग. नानांच्या खिशात पांढरा रुमाल असतो, मला वाटायचं घामासाठी. ओला करून गडद काठावर दाबायचा. रुमालाला रंग लागला तर सांगून टाकायचं की पहिली दोन धुणी वेगळी धुवा, किंवा सरळ ड्रायक्लीनला द्या. सांगितलं नाही तर पांढऱ्या अंगावर लाल डाग घेऊन बाई परत येते, आणि भिंतीवरची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तेव्हा कुणाला वाचवत नाही.

ठेवणं. जरीची साडी मलमलमध्ये गुंडाळून ठेवायची, डांबराच्या गोळ्या जरीला टेकवायच्या नाहीत, काळी पडते. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर घडीवरच विरते.

मग बस्ता. यावर दीड दिवस गेला. नानांची खरी गादी हीच.

लग्नाचा बस्ता बांधायला माणसं येतात ती दहा-बारा. नवरी, आई, सासू, दोन्हीकडच्या आत्या-मावश्या, आणि 'मी काही बोलत नाही' म्हणून प्रत्येक साडीवर बोलणारे एक काका. सगळ्यांना आधी शालू बघायचा असतो. नाना बघू देत नाहीत. चहा सांगतात, कागद-पेन्सिल घेतात आणि विचारतात, "आहेराच्या किती?" मग मानाच्या किती, विहीणबाईंची कशी, करवल्या किती, अष्टपुत्री मामाकडून येणार की इथेच घ्यायची. सगळं लिहून झालं की पेन्सिल नवरीच्या वडिलांकडे सरकवतात. ते बेरीज करतात, खालचा आकडा नानांना दिसतो आणि शालूचं कपाट कुठलं उघडायचं ते ठरतं.

मी म्हटलं, यात दुकानाचं नुकसान नाही का? आधी शालू दाखवला तर महागातला जाईल. नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी हिशेबाची माणूस आहे याचं त्यांना वाईट वाटलं असावं. आधी शालूवर पैसे संपले तर आहेराच्या साड्यांपाशी भांडण लागतं. आत्याला तीनशेची का आणि मावशीला आठशेची का. भांडण लागलं की निम्मा बस्ता उठून दुसऱ्या दुकानात जातो. कागद आधी झाला तर सगळं एका छताखाली होतं. शिवाय त्या घरातलं पुढचं लग्नही इथेच येतं.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. बाई तोंडाने एकीला छान म्हणते आणि हात दुसरीच्या काठावर पुन्हा जातो. ज्या साडीवर हात दोनदा गेला ती गुपचूप गुडघ्याखाली सरकवून ठेवायची. बाकीच्या तीस दाखवून झाल्या, सगळे दमले, की ती बाहेर काढायची.

आणि अडलं की पाणी प्यायला उठायचं. हे मी स्वतः पाहिलंय. गेल्या वर्षी एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. "आता मला कशाला रंगाचं, फिकटातलंच दाखवा." नानांनी फिकट बदामी उलगडली, तिच्या शेजारी काही न बोलता एक डाळिंबी ठेवली आणि पाणी प्यायला गेले. बराच वेळ आले नाहीत. आजींनी काय घेतलं ते बिलावर आहे: डाळिंबी, नग एक.

दुकानाच्या किमतीच्या खुणेची, म्हणजे आकड्यांऐवजी लिहायची, अक्षरं मात्र त्यांनी सांगितली नाहीत. बारकोड आल्यापासून त्या खुणेला कुणी विचारत नाही, तरी नाही. "ते मोठ्या शेठचं आहे, माझं नाही." ते पान कोरंच ठेवलंय.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

आज पिवळा. खाली रांग. रात्री मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली, पण दुकानात चर्चा उद्याच्या हिरव्याची. वहीचं काम बंद.

५ ऑक्टोबर

आज राखाडी. एरवी सणासुदीला राखाडी साडी फुकट दिली तरी कुणी घेणार नाही, पडीक मालाच्या कपाटात जाते. नानांनी जुलैतच रंगांची यादी शोधून आणायला लावली होती आणि पडीक कपाटातल्या सगळ्या राखाडी साड्या खाली आणून काउंटरवर लावून घेतल्या. दुपारी तीनला संपल्या. शेठ म्हणाले, "नाना, पुढच्या वर्षी कोण बघणार हे?" नाना म्हणाले, "यादी बघायला काय नाना लागतो?" यादी सगळ्यांकडेच असते. कपाटात काय पडलंय ते लक्षात असणारा एखादाच.

१५ ऑक्टोबर

आता देण्याचं. हे आधीच काढायला हवं असा माझा आग्रह होता. सत्काराच्या फोटोत सगळे हसतात आणि हिशेब मग महिनोन्‌महिने 'बघू' वर राहतो, हे मी आधीच्या नोकरीत पाहिलेलं आहे.

१९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला लागतो, आमच्याकडे त्याहून जास्त आहेत. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. वरची मर्यादा २० लाख, तिथवर आपण पोचत नाही. नानांचा मूळ पगार १८,०००.

सल्लागारांनी पाठवलेल्या कागदावर वर्षं २६ लिहिली होती. कारण १९९८ साली दुकानाची भागीदारी नव्याने झाली, कागदोपत्री फर्म तिथून सुरू. २६ वर्षांचे होतात बरोबर २,७०,०००. पण नाना एक दिवसही घरी बसलेले नाहीत. तीच गादी, तेच शटर, तीच किल्ली. मालकीचा कागद बदलला म्हणून अखंड नोकरी तुटत नाही. ३८ वर्षं धरली की ३,९४,६१५. फरक सव्वा लाखाच्या आसपास.

शेठ म्हणाले, १९८६ चा पुरावा काय?

१७ ऑक्टोबर

माळ्यावर चढले. लाल कापडी बांधणीच्या वह्या, धूळ, एका कोपऱ्यात उंदरांनी केलेला संसार. हजेरीपट सापडला १९८९ पासूनचा. त्याआधीचा नाही. मग रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, काढले. १९८६ च्या पाडव्याच्या वहीत पहिल्या पानावर 'श्री', हळद-कुंकवाचा डाग, आणि मार्गशीर्षात एका ओळीत नानांचं पूर्ण नाव, 'उचल रु. ५०'. खाली सही. सही म्हणजे शाळेतल्यासारखं वळणदार अक्षर, नावातला शेवटचा काना ओळीबाहेर गेलेला.

वही शेठच्या टेबलावर उघडी ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. मोठ्या शेठचं अक्षर त्यांनी ओळखलं असणार. "अडतीस धरा," म्हणाले. सल्लागारांना फोन मी केला.

नानांकडून फॉर्म आय भरून घेतला. पैसे देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचे असतात, पण मी चेक समारंभाच्या दिवशीचाच मागितलाय.

२२ ऑक्टोबर

स्टुलांचा वाद. रेकॉर्डिंगमध्ये नाना एकदा गुडघ्यांवर बोलतात. मांडी घालून आयुष्य गेलं, गुडघे गेले, पण बसायला तरी मिळालं. खालच्या मजल्यावर नूतनीकरणात गादी काढून काउंटर आले आणि पोरी दहा-दहा तास उभ्या. "संध्याकाळी त्यांच्या चपला बघा, पाय मावत नाहीत."

मी प्रस्ताव टाकला की फ्रेमच्या पैशांत काउंटरमागे चार स्टुलं घेऊ. शेठ म्हणाले, गिऱ्हाईक आल्यावर बसलेलं बरं दिसत नाही. मी सांगितलं, केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या माणसांना बसायला जागा द्यायची म्हणून कायद्यात दुरुस्ती केली. केरळात तर कापड दुकानांतल्या बायकांनीच त्यासाठी लढा दिला. तिथे काय साड्या खपत नाहीत? आणि वरच्या मजल्यावर नाना इतकी वर्षं बसूनच विकत होते, ते कुणाला वाईट दिसलं?

दोन मंजूर झाली. बाकी दोन दिवाळीनंतर बघू. या 'बघू' ची तारीख लिहून घेतली: १५ नोव्हेंबर.

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी वहीपूजन. नाना नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. भवानी त्यांच्याच हातची, एक नारायणपेठ. नंतर मान वर करायला सवड नाही. रात्री शटर ओढताना कुणीतरी म्हणालं, नाना, शेवटचा दिवस. ते म्हणाले, "घड्या राहिल्यात." बसून घातल्या. पोरींनीही घातल्या. मी गल्ला जुळवत होते, साडेअकरा झाले.

११ नोव्हेंबर, सोमवार

समारंभ. मुद्दाम आजचा दिवस, उद्या-परवापासून तुळशीची लग्नं आणि त्यामागोमाग माणसांची, मग कुणाला वेळ मिळणार नाही. सकाळी नऊला, दुकान उघडायच्या आधी, वरच्या गादीवर. नानांच्या घरून काकूंना, मुलाला, सुनेला बोलावलं होतं. काकू इतक्या वर्षांत वरच्या मजल्यावर कधी आल्या नव्हत्या, त्या कपाटं मोजत होत्या.

भाषणं नाहीत, असं ठरलं होतं. मोठे शेठ ८४ वर्षांचे, ते ऐकतात कुणाचं? पण चांगलं बोलले. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. सीझनचा सगळा माल भरलेला आणि शटर खाली. त्या काळात नानांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. साडी विकायला नाही, चौकशी करायला. जूनमध्ये त्यातल्याच घरांनी विचारायला सुरुवात केली. मुलीचं लग्न पन्नास माणसांत करतोय, व्हिडिओवर दाखवाल का? नाना नातवाचा फोन घेऊन आले. फोन धरायला पोऱ्या, आणि पदर नेहमीसारखाच एका झटक्यात कॅमेऱ्याकडे. हे मला माहीत नव्हतं, मी तेव्हा इथे नव्हते. वहीत घालायला हवं.

चेक शालीच्या आधी दिला, ३,९४,६१५. नानांनी आकडा वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला. मग शाल. मग वही. वहीची पानं त्यांनी सगळ्यांसमोर उलटली आणि इरकलच्या पानावर थांबले. "हा तुकडा उलटा चिकटवलाय." मी म्हटलं, मुद्दामच, सांधा दिसावा म्हणून. "मग पदराची बाजू वर कशाला?" सगळे हसले. जेवणात मसालेभात, जिलबी, मठ्ठा. अकराला शटर वर.

१५ नोव्हेंबर

स्टुलं तिसरं आणि चौथं आली. चेक वटला. वहीची झेरॉक्स करून खालच्या काउंटरला एक प्रत ठेवली. एका पोरीने बस्त्याचं पान फोनमध्ये काढून घेतलं. दुसरी म्हणाली, एवढं कोण वाचणार? बरोबर आहे, पाने फार झालीत. कमी करावी लागतील.

१९ नोव्हेंबर

काल दोन बस्ते आले, दोन्हीकडून पहिला प्रश्न, "नाना कुठेत?" एक बसला, एक 'परवा येतो' म्हणून गेला. शेठनी मला सांगितलं, नानांना विचारा, सीझनपुरते शनिवार-रविवार येतील का. फोन केला. गुडघ्याचं सांगितलं, नातवाच्या शाळेचं सांगितलं, इरकलचं पान दुरुस्त केलं का ते विचारलं. येतील, पण रोजाचा आकडा शेठनी आधी कागदावर लिहून द्यायचा, मग गादी. शेठ म्हणाले बघू. तारीख लिहून घेतली: २२ नोव्हेंबर.